काकडीवरची भुरी दरवर्षी कमी होत चालली आहे. वेल खरंच शिकतो का?

वहीवाला

प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय. दोन ओळींत विचारला की "अमुक फवारा, तमुक फवारा" एवढंच उत्तर येतं. मला फवारायचं नाहीये, काय घडतंय ते समजून घ्यायचंय.

सात वर्षांपूर्वी काकडीच्या बियांचं एक पाकीट आणलं होतं. सरळ वाण, संकरित नव्हे. पहिल्या वर्षी सोळा वेल लावले. पाचव्या आठवड्यात खालच्या पानांवर पिठाच्या चिमटी टाकल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि सातव्या आठवड्यात बहुतेक वेल चुन्यात बुडवून काढल्यासारखे झाले. मी काहीही फवारलं नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, निव्वळ आळस. कोपऱ्यातला एक वेल तेवढा बऱ्यापैकी हिरवा राहिला होता. त्याच्यावरची एक काकडी पार पिवळी होईपर्यंत ठेवली आणि तिचं बी धरलं.

तेव्हापासून दरवर्षी हाच क्रम. सोळा ते वीस वेल, फवारणी नाही, आणि शेवटपर्यंत हिरवे राहतील त्या एक-दोन वेलांचंच बी धरायचं. वही ठेवली आहे. शास्त्रीय काही नाही, "पांढरे" आणि "बरे" असे दोनच रकाने. पहिल्या वर्षी १६ पैकी १५ पांढरे. तिसऱ्या वर्षी १८ पैकी ११. गेल्या वर्षी २० पैकी ४, आणि तेही उशिरा.

आता प्रश्न. वेलाने सात वर्षांत रोगाशी लढायची ताकद कमावली का? कमावली असेल तर कशी? आपल्याला एकदा कांजिण्या झाल्या की शरीर ते लक्षात ठेवतं, तसं झाड लक्षात ठेवतं आणि बियांतून पुढच्या पिढीला सांगतं का? आणि ही ताकद टिकते की एखाद्या वर्षी अचानक पुन्हा सगळं पांढरं होईल?

हिरवाकोपरा

शिकतो तर! झाडांनाही लस लागू पडते, मी वाचलंय. एका पानाला रोग झाला की बाकीची पानं सावध होतात. मग वेल सावध असेल तर त्याचं बी सावध असणारच की. आईकडून बाळाला मिळते तशी ताकद. तुम्ही सात वर्षं औषध न मारता वेलांना व्यायाम घडवलात, त्याचं हे फळ आहे. मला तरी यात काही गूढ दिसत नाही.

पानमोजणी

हिरवाकोपरा, यातलं अर्धं बरोबर आहे. गंमत म्हणजे ते अर्धं काकडीवरच दाखवलं गेलंय, म्हणून आधी तेच सांगते.

मी सव्वीस वर्षं भाजीपाला पैदाशीच्या प्लॉटवर होते. काम काय, तर पानं मोजणं. वेलापुढे उकिडवं बसायचं, पान उलटायचं आणि ० ते ९ मधला एक आकडा मोठ्याने सांगायचा. मागे उभा असलेला तो लिहून घ्यायचा. ० म्हणजे स्वच्छ, ९ म्हणजे गेलंच. निवृत्त झाले तरी कुणाच्या कुंडीकडे पाहिलं की "पाच" किंवा "सात" असं तोंडातून निघून जातं, आणि कुंडीवाल्यांना वाटतं मी त्यांना गुण देतेय.

तर झाडाकडे रक्त नाही, अंगभर हिंडणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीला आपल्या दाराशी आपणच उभं राहावं लागतं. पेशीच्या बाहेरच्या बाजूला काही प्रथिनं असतात. बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनचे तुकडे, जिवाणूच्या शेपटीतलं प्रथिन, असं काही परकं लागलं की ती ओळखतात आणि पेशी आपली भिंत जाड करायला घेते. ही झाली पहिली फळी. मुरलेला रोगकारक पेशीच्या आत आपली प्रथिनं सोडून ही फळी निकामी करतो. त्यासाठी आत दुसरी फळी असते, आणि ती फार निवडक असते. ठरावीक रोगकारकाचं ठरावीक प्रथिन दिसलं की पेशी स्वतःला मारून टाकते. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण भुरीची बुरशी जिवंत पेशीवरच जगते, पेशी मेली की तिचं ताट रिकामं. प्रतिकारक वेलाच्या पानावर कधी कधी सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात, ते असल्या पेशींचं मसण. आम्ही ते ठिपके पाहून खूश व्हायचो.

आता ती "लस". १९६१ साली फ्रँक रॉस यांनी तंबाखूवर दाखवलं की खालच्या पानांना मोझॅकच्या विषाणूची लागण केली तर वरच्या, कधीच लागण न झालेल्या पानांवरही नंतर रोग कमी पडतो. पुढे जोसेफ कुच यांनी काकडी घेतली. रोपाच्या पहिल्या पानावर मुद्दाम करपा पाडला, तर पुढे चार ते सहा आठवडे सगळं रोप सांभाळलं गेलं, आणि नुसतं करप्यापासून नव्हे, वेगळ्याच विषाणूंपासून आणि जिवाणूंपासूनही. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा टोचलं तर फळं धरेपर्यंत निभावलं. त्यांनी कलमंही बांधून पाहिली. खालच्या खोडाला टोचलं तर वर बांधलेली फांदीही सावध झाली, म्हणजे निरोप खोडातून वर जातो. म्हणून म्हटलं, अर्धं बरोबर. पण ही सावधगिरी काही आठवड्यांची असते. वेल वाळला की तीही बहुतेक त्याच्याबरोबर वाळते. सात वर्षांच्या वहीचं उत्तर तिच्यात नाही.

उत्तर तुमच्या कोपऱ्यातल्या वेलात आहे.

काकडीत नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी, आणि मधमाशी या वेलावरून त्या वेलावर जाते. त्यामुळे सरळ वाणाच्या पाकिटातल्या बिया म्हणजे सख्खी-चुलत भावंडं. दिसायला सारखी, आतून बरीच वेगळी. कुणाकडे भुरीला थोडं अडवणारं एखादं जनुक, कुणाकडे दुसरं, बहुतेकांकडे काहीच नाही. पहिल्या वर्षी भुरी आली आणि तुम्ही सोळांतून एक निवडलात. त्या वेलाने सात वर्षांत काही शिकून घेतलं नाही, तो तर त्याच वर्षी वाळून गेला. पण त्याची काकडी बाकीच्या वेलांच्या परागाने धरली होती, दुसऱ्या वर्षी पुन्हा सरमिसळ झाली आणि त्यातून पुन्हा तुम्ही हिरवा वेल उचललात. थोडं थोडं अडवणारी जनुकं अशी एकेका वेलात गोळा होत जातात. बदलतो तो अख्खा कळप.

तुमचा आळस इथे कामाला आला. फवारलं असतं तर सोळाच्या सोळा वेल हिरवे दिसले असते आणि कोपऱ्यातला कोणता ते कळलंच नसतं. दक्षिण आफ्रिकेचे व्हॅन्डरप्लँक यांनी १९६३ मध्ये याच धर्तीवर एका बटाट्याचं उदाहरण दिलं होतं. व्हर्टिफोलिया नावाचा वाण. त्यात करप्याविरुद्ध दोन जबरदस्त जनुकं घातली होती, त्यामुळे पैदाशीच्या काळात त्याच्यावर करपा दिसतच नव्हता. दिसत नाही म्हणून मग त्या जनुकांच्या आड कोणतं झाड मुळात धट्टंकट्टं आणि कोणतं लेचंपेचं, हे कुणाला निवडता आलं नाही. पुढे करप्याने ती दोन कुलपं उघडली तेव्हा आतलं झाड इतर वाणांपेक्षाही कच्चं निघालं.

शेतात माणसाने ठरवून काही न करताही हे घडतं. मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आफ्रिकेतल्या मक्याचं. मका मूळचा अमेरिकेतला. तो आफ्रिकेत गेला तेव्हा त्याच्यावरचा उष्ण प्रदेशातला तांबेरा मागेच राहिला. काही शतकं मका तिथे त्या तांबेऱ्याविना वाढला. १९४९ मध्ये तांबेरा सिएरा लिओनमध्ये दिसला आणि थोड्याच वर्षांत खंड ओलांडून पूर्वेपर्यंत गेला. मका लालभडक झाला, पिकं बुडाली. पैदासकारांनी घाईने एकेक प्रबळ जनुक आणून घातलं आणि तांबेऱ्याच्या नव्या जातींनी ते पाडलं. इकडे शेतकरी जे काही कणीस हाती लागलं त्याचंच दाणं पेरत राहिले. जिथे वर्षातून दोन पिकं निघतात तिथे दहा-पंधरा पिढ्यांत त्यांचा मका आपोआप सावरला. तांबेरा तिथून गेला नाही. अजून पडतो, पण पीक बुडवत नाही.

आणि हे न घडल्याचं उदाहरण अमेरिकन चेस्टनटचं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात त्याच्यावर खोडकूज दिसली आणि पुढच्या अर्ध्या शतकात अब्जावधी झाडं गेली. मुळं मात्र जिवंत आहेत, अजून फुटवे येतात. फुटवा मनगटाएवढा होतो न होतो तोच खोडाला पुन्हा रोग, बहुतेक वेळा फुलायच्या आतच. फूल नाही, बी नाही, नवी पिढी नाही. मग निवड कशातून होणार? झाड शंभर वर्षं रोग सोसतंय, पण सोसल्याने काही सुधारत नाही.

आता तुमच्या वहीबद्दल शंका. मी मोजणारी बाई आहे, त्यामुळे २० पैकी ४ वाचून आनंद झाला आणि लगेच कपाळावर आठीही पडली.

एक, वेल जमिनीवर पसरू देता की मांडवावर चढवता? यात मध्येच बदल केला का? दाटी आणि सावली भुरीला मानवते, वारं खेळलं की ती मागे हटते. दोन, हवामान. भुरीला पानावर पाणी लागत नाही, उलट जोराचा पाऊस तिला धुऊन काढतो. सलग दोन-तीन पावसाळी वर्षं गेली असतील तर श्रेय ढगांचं. तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतंय: तुमचे आताचे वेल फळाला उशिरा येतात का?

हे का विचारतेय ते सांगते. भुरी कोवळ्या पानाला सोडून मुरत चाललेल्या पानाला धरते, आणि वेलाने फळं धरली की पानं लवकर थकतात. म्हणून लवकर आणि भरभरून धरणारा वेल आधी पांढरा होतो, आळशी वेल शेवटपर्यंत हिरवागार मिरवतो. "सगळ्यांत शेवटी हिरवा" असं निवडताना तुम्ही प्रतिकार निवडला की उशीर? बटाट्याच्या करप्यात हा घोळ जुना आहे, तिथे उशिरा येणारे वाण बहुतेक वेळा जास्त काटक दिसतात. आमच्याही प्लॉटवर एकदा तीन वर्षांच्या निवडीनंतर एक देखणी ओळ हाती आली होती. माझ्या खात्यावर सलग "दोन", "दोन", "एक". वरिष्ठांनी विचारलं, "फळं किती?" फळं मोजायचं काम माझं नव्हतं, म्हणून मी मोजलीच नव्हती. मोजली तेव्हा वेलामागे तीन निघाली. ती ओळ गेली उकिरड्यावर.

टिकेल का, त्याचं उत्तर केवडा, म्हणजे काकडीच्या पानांवरचा भुरीहून वेगळा रोग, देतो. भारतातून गेलेल्या काकडीच्या एका नमुन्यात केवड्याविरुद्ध एक जनुक सापडलं होतं. अमेरिकेतल्या पैदासकारांनी ते आपल्या वाणांत घातलं आणि काही दशकं तिथल्या लोकांना काकडीच्या केवड्याची फारशी फिकीर करावी लागली नाही. २००४ मध्ये तिथल्या पूर्व भागात केवड्याचा नवा प्रकार आला आणि ती ढाल निकामी झाली. अळशीच्या तांबेऱ्यावर हॅरल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकातच दाखवलं होतं की झाडाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर बुरशीचं एक जुळणारं जनुक असतं. बुरशीने तेवढंच एक बदललं की काम झालं. तुमच्या वेलांत बहुधा असं एकच कुलूप नाही, कारण बदल हळूहळू आलाय, ११ वरून ४ असा उतरत. एका जनुकाचा खेळ असता तर तो बराच झटक्याने झाला असता. थोडं थोडं अडवणारी पाच-सहा जनुकं एकदम चुकवणं बुरशीला जड जातं. पण हा माझा कयास आहे, तुमची वही वाचून केलेला.

मूळ पाकिटातलं काही बी शिल्लक आहे का?

वहीवाला

ताई, तिसरा प्रश्न वाचून पोटात गोळा आला.

मांडव चौथ्या वर्षी घातला. त्याआधी वेल जमिनीवर होते. म्हणजे तिसऱ्या वर्षीचे ११ आणि गेल्या वर्षीचे ४ यांची तुलनाच चुकली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मांडव घातल्याचं त्याच वहीत, त्याच पानावर लिहिलंय.

पावसाचं काही लिहिलेलं नाही.

पहिली काकडी कधी तोडली त्याच्या तारखा मात्र बायकोच्या कॅलेंडरवर मिळाल्या, ती सगळं कॅलेंडरवर लिहिते. पहिल्या वर्षी बी टाकल्यापासून ४५ व्या दिवशी. गेल्या वर्षी ५४ व्या दिवशी. तिने हे मला दोनदा बोलूनही दाखवलं होतं म्हणे. मी "हवामान" म्हणून सोडून दिलं होतं.

मूळ पाकीट आहे. डब्यात ३४ बिया निघाल्या.

वाटाणा_१८६६

मी विद्यार्थी आहे, पानमोजणी ताईंइतका अनुभव नाही. पण "वेल वाळला की सावधगिरीही वाळते" या वाक्याला एक छोटी पुरवणी जोडतो.

२०१२ मध्ये अरॅबिडॉप्सिसवर, म्हणजे प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर, काही प्रयोग प्रसिद्ध झाले. आईझाडाला जिवाणूंचा रोग वारंवार दिला तर तिची पिल्लं त्या रोगाला जास्त चपळाईने उत्तर देतात असं दिसलं. मधली एक पिढी रोगाविना वाढवली तरी तो परिणाम पूर्ण गेला नव्हता. डीएनएतली अक्षरं बदलत नाहीत, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात. म्हणजे हिरवाकोपरा यांचं "आईकडून बाळाला" अगदीच हवेतलं नाही. गोम अशी की तीच पिल्लं दुसऱ्या एका बुरशीला, मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या, जास्त बळी पडली. फुकट काहीच मिळालं नाही.

दुसरं म्हणजे, प्रतिकार दरवेळी काहीतरी मिळाल्याने येतो असं नाही, काहीतरी मोडल्यानेही येतो. सातूमध्ये एमएलओ नावाचं जनुक आहे. ते शाबूत असेल तर भुरीला आत शिरायला सोपं जातं, मोडलं की तिला दारच सापडत नाही. जर्मनीत १९४२ मध्ये क्ष-किरणांनी असा सातू तयार झाला आणि इथिओपियातल्या जुन्या वाणांत तो नैसर्गिकरीत्याही सापडला. १९७९ पासून शेतात आहे आणि भुरीने अजून त्यावर तोड काढलेली नाही. काकडीतही याच कुळातलं मोडकं जनुक असलेले वाण आहेत. वहीवाला यांच्या वेलांत काय आहे ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येणार नाही, पण शक्यता मजेशीर आहे.

पानमोजणी

वाटाणा, पुरवणी मान्य. २०१२ चं ते काम मला ठाऊक होतं. मी "बहुतेक" हा शब्द त्याचसाठी घातला होता, पण तो एवढ्या घाईत घातला की तुम्हाला दिसला नाही. एक-दोन पिढ्यांची ती कुजबुज आणि सात वर्षांची निवड, दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतात. घरच्या मांडवाखाली ती वेगळी काढता येणार नाहीत. सातूची गोष्ट मात्र इथे आणलीत ते छान झालं. त्या सातूच्या पानांवर रोग नसतानाही तपकिरी ठिपके येतात आणि काही दुसऱ्या बुरश्या त्याला जास्त त्रास देतात, तेही लिहायला हवं होतं. फुकट काहीच मिळत नाही हे तुमचंच वाक्य.

वहीवाला, ३४ बिया म्हणजे खजिना. या हंगामात असं करा.

सगळ्या ३४ टाका, कारण सात वर्षांच्या बियांतल्या निम्म्याही उगवतील की नाही सांगता येत नाही. (जी उगवतील तीही एका अर्थाने निवडलेलीच, हे मनात असू द्या.) जितकी रोपं येतील तितकीच आताच्या बियांची घ्या. जुन्यांची एक रांग आणि नव्यांची एक रांग असं करू नका, एक जुना एक नवा असे आलटून पालटून लावा. नाहीतर ज्या बाजूला सावली, त्या बाजूला भुरी, आणि तुम्ही पुन्हा सावलीच मोजत बसाल. सगळे मांडवावर. चारी कोपऱ्यांत गेल्या वर्षी सगळ्यांत पांढऱ्या पडलेल्या वेलाचं बी असेल तर ते लावा, म्हणजे रोग सगळ्यांना सारखा पोचेल. बी धरलं नसेल तर राहू द्या, पाहुणी बोलावल्याशिवायही येतेच.

मोजताना अमुक तारखेला सगळा वेल बघायचा नाही. प्रत्येक वेलाचं आठवं पान धरा. ते उलगडल्यावर देठाला धागा बांधा आणि बरोबर एकवीस दिवसांनी त्याला आकडा द्या. म्हणजे पानाचं वय सगळीकडे सारखं आणि उशिरा-लवकरचा घोळ बराच कमी. आकडा देताना हा वेल जुना की नवा ते तुम्हाला माहीत नसलेलं बरं. वहिनींना नंबर टाकायला सांगा, कॅलेंडरचा अनुभव आहेच त्यांना.

आणि फळं मोजा. माझ्यासारखं करू नका.

हिरवाकोपरा

मी व्यायाम म्हणालो होतो ते मागे घेतो. धागा बांधायची युक्ती मात्र मी माझ्या दुधीवर करणार.

वहीवाला (हंगाम संपल्यावर)

उशीर झाला, पण मोजून आलोय.

३४ पैकी १३ उगवल्या. एक रोप गोगलगायीने खाल्लं. त्यामुळे १२ जुने, १२ नवे, आलटून पालटून. नंबर बायकोने टाकले आणि यादी तिच्याकडेच होती. आकडे सांगताना माझा चेहरा बघून ती हसायची, त्यावरून मी जुना-नवा ओळखायचा प्रयत्न केला, पण ती प्रत्येक वेळी हसते हे नंतर कळलं.

पहिला पांढरा ठिपका: जुन्यांवर सरासरी ३६ व्या दिवशी, नव्यांवर ४९ व्या. इथपर्यंत मी खूश होतो. पहिली काकडी: जुन्यांना ४४ वा दिवस, नव्यांना ५३ वा. फळं: जुन्या वेलाला सरासरी ११, नव्याला ७. म्हणजे ताई, तुमची आठी बरोबर होती. मी सात वर्षं बऱ्याच अंशी आळशी वेल निवडत होतो. आळशी माणसाने आळशी वेल निवडले असं बायकोचं म्हणणं आहे.

पण आठव्या पानाचा हिशेब वेगळा निघाला. एकवीस दिवसांचं पान, जुन्यांना सरासरी ६, नव्यांना ४. वय सारखं धरूनही फरक उरतो. थोडा, पण उरतो. बारा-बारा वेलांवरून किती बोलावं ते तुम्ही सांगा.

सरासरी सोडून एकेक वेल पाहिला तेव्हा खरी मजा आली. नव्यांतले दोन, नंबर ५ आणि १९, यांना ४६ व्या दिवशी काकडी धरली आणि आठव्या पानाला २. फळं ९ आणि १०. माझ्या नेहमीच्या पद्धतीने मी यांना घेतलंच नसतं, कारण हंगामाच्या शेवटी हे सगळ्यांत हिरवे नव्हते. आणि जुन्यांतला एक, नंबर १४. ४३ व्या दिवशी काकडी, १३ फळं, आणि पानाला ३! म्हणजे असलं बी त्या पाकिटात पहिल्यापासून होतं आणि मी ते सात वर्षं डब्यात ठेवून दिलं होतं.

मधमाश्यांवर न सोडता या तिघांचं परागीभवन हाताने केलं. संध्याकाळी मादीकळीवर कागदाची पिशवी, सकाळी दुसऱ्या वेलाचं नरफूल आणून टेकवायचं आणि पिशवी परत लावायची. दहा फुलांतून चार धरली. चारही काकड्या पिवळ्या पडायला ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोन परवा उंदराने नेल्या. उरलेल्या दोन्हींना जाळी बांधली आहे.

पानमोजणी

बारा-बारावरून "दिसतंय" म्हणा, "सिद्ध झालं" म्हणू नका. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. १४ नंबरचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर आईचं-बापाचं नाव लिहा, चार महिन्यांनी काही आठवत नाही.

जाळी दुहेरी बांधा.

वहीवाला

बांधली.